गोळी रसाबरोबर घ्यावी का? फळांचे रस आणि पोटात घ्यायची औषधं

काही औषधं फळांच्या रसाबरोबर घेतली की रक्तात निम्मीसुद्धा पोहोचत नाहीत. काही मात्र नेहमीच्या कित्येक पट पोहोचतात. दोन्ही वेळा गोळी तीच, डोस तोच आणि डॉक्टरांची चिठ्ठीही बरोबरच असते. त्यामुळे रसाच्या ग्लासाचा संशय कोणाला येत नाही. रक्तदाब आवरत नाही म्हणून डोस वाढवला जातो, शिंका थांबत नाहीत म्हणून औषध बदललं जातं, आणि खरं कारण रोज सकाळी टेबलावर तसंच राहतं.

ज्यांना नुकतीच रोजची औषधं सुरू झाली आहेत किंवा घरातल्या थोरामोठ्यांच्या गोळ्यांची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. यातलं काहीही वाचून चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. बदलायचं आहे ते गोळी घेण्याच्या पद्धतीत.

आधी पाणी

कोणतीही गोळी किंवा कॅप्सूल साध्या पाण्याबरोबर घ्या. पाणी गार नको, कढतही नको. मोठ्या माणसासाठी एक भरलेला ग्लास, म्हणजे २०० ते २५० मि.ली. पुरतो. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, उदाहरणार्थ हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात, तर त्या मापातलंच पाणी घ्या.

एका घोटात गोळी ढकलणारे पुष्कळ असतात. तेवढ्या पाण्यात गोळी अन्ननलिकेतच अडकून राहू शकते. डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळीने तिथे जखमही होते. शिवाय गोळी नीट विरघळायलाही पाणी लागतं. रसाची बाजू बाजूला ठेवली तरी पूर्ण ग्लासाची सवय फायद्याचीच आहे.

आतड्यात काय घडतं

गोळी पोटात विरघळते आणि औषध लहान आतड्याच्या अस्तरातून रक्तात शिरतं. फळांचा रस या वाटेवर तीन निरनिराळ्या ठिकाणी ढवळाढवळ करतो. हा फरक लक्षात आला की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

पहिली जागा म्हणजे वाहक प्रथिनं. काही औषधं आपणहून अस्तर ओलांडू शकत नाहीत. पेशींच्या पृष्ठभागावरची ओएटीपी नावाची प्रथिनं त्यांना आत घेतात. ग्रेपफ्रूट या लिंबाच्या जातीच्या फळातलं नॅरिंजिन आणि संत्र्यामधलं हेस्पेरिडिन यांसारखे घटक हीच प्रथिनं अडवून धरतात, आणि सफरचंदाचा रसही तेच करतो. मग औषध आतड्यातच राहतं आणि शौचावाटे निघून जातं. हा अडथळा काही तासांत ओसरतो.

दुसरी जागा म्हणजे आतड्याच्या पेशींमधलं सीवायपी ३ए४ हे विकर (एन्झाइम). काही औषधांचा मोठा भाग रक्तात पोहोचण्यापूर्वीच हे विकर मोडून टाकतं, आणि हे नुकसान धरूनच गोळीचा डोस ठरवलेला असतो. ग्रेपफ्रूटमधली फ्युरॅनोकुमारिन नावाची रसायनं या विकराला कायमचं निकामी करतात. मग जो भाग मोडला जायला हवा होता, तोही रक्तात जातो. नवं विकर तयार व्हायला एक ते तीन दिवस लागतात.

तिसरी जागा आतड्याची पोकळी. रसात मिसळलेलं कॅल्शियम, किंवा मिल्कशेकमधलं दुधाचं कॅल्शियम, काही औषधांना तिथेच बांधून टाकतं. असं बांधलं गेलेलं औषध अस्तर ओलांडत नाही.

व्यवहारात उपयोगी पडणारा मुद्दा असा: पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात वेळेचं अंतर ठेवलं की काम भागतं. दुसऱ्या प्रकारात घड्याळाचा उपयोग नाही. ते फळच टाळावं लागतं.

हे सगळं उघडकीला आलं ते अपघाताने. कॅनडातल्या लंडन शहरात डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन हे रक्तदाबाचं औषध आणि मद्य यांचा एकमेकांवर काय परिणाम होतो ते तपासत होते. मद्याची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि रक्तातलं औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं. हे १९८९ साली प्रसिद्ध झालं. १९९१ च्या अभ्यासात ही वाढ सरासरी पावणेतीन पटीच्या पुढे होती. पुढे २००२ मध्ये त्याच गटाने उलट बाजू दाखवली: फेक्सोफेनाडिन हे ॲलर्जीचं औषध पाण्याऐवजी ग्रेपफ्रूट, संत्रं किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर दिलं, तर रक्तात साधारण एक तृतीयांशच पोहोचलं. त्या प्रयोगात तीन तासांत मिळून १.२ लिटर रस दिला होता, म्हणजे बराच. पण ग्रेपफ्रूटच्या एका ३०० मि.ली. ग्लासानेही हे औषध निम्म्यावर येतं, हे नंतर दिसलं.

पट्टीवरचं मूळ नाव शोधा

गोळीच्या पट्टीवर मोठ्या अक्षरात कंपनीने दिलेलं नाव असतं. तुम्हाला हवं आहे ते त्याच्या आसपास छापलेलं औषधाचं मूळ नाव आणि त्यापुढचे मि.ग्रॅ. प्रत्येक पट्टीवरून ते एका कागदावर उतरवून घ्या. पट्टी कापताना नाव असलेला तुकडा शेवटपर्यंत राखून ठेवा. मेडिकलमधून चार-चार गोळ्या सुट्या आणल्या तर नाव नसलेला तुकडा हाती येतो, तेव्हा तिथेच विचारून लिहून घ्या.

जोडगोळ्यांकडे जास्त लक्ष द्या. सर्दी आणि ॲलर्जीसाठी मॉन्टेलुकास्टबरोबर लेव्होसेटिरिझिन असलेली गोळी मिळते, तशीच मॉन्टेलुकास्टबरोबर फेक्सोफेनाडिन असलेलीही मिळते. नावं जवळजवळ सारखी असतात. रसाची अडचण दुसरीत आहे. रक्तदाबाच्या जोडगोळ्यांतही ॲटेनोलॉल दुसऱ्या औषधाच्या मागे लपलेलं असतं. अ‍ॅम्लोडिपिन आणि ॲटेनोलॉल ही जोडी आपल्याकडे सर्रास दिली जाते.

इंजेक्शन, श्वासातून घ्यायचा पंप, डोळ्यांचे थेंब आणि मलम यांना आतड्याची वाट नसते. पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारच्या अडथळ्याचा त्यांच्याशी संबंध नाही.

रसामुळे कमी पडणारी औषधं

*फेक्सोफेनाडिन.* ॲलर्जीची, १२० किंवा १८० मि.ग्रॅ.ची गोळी. ही फक्त पाण्याबरोबर घ्यायची. संत्रं, सफरचंद किंवा ग्रेपफ्रूटचा रस आणि ही गोळी यांत चार तासांचं अंतर ठेवा. रस आधी घेतला असो की नंतर घ्यायचा असो, नियम एकच ठेवला की गोंधळ होत नाही. चार तास यासाठी की ग्रेपफ्रूटचा रस गोळीच्या दोन तास आधी घेतला तरी परिणाम दिसतो, चार तास आधी घेतला तर दिसत नाही. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असलेली अँटासिडंही या औषधाला अडवतात. त्यांच्यापासून दोन तास दूर राहा.

या औषधाचा इतिहासही बोलका आहे. त्याआधी टर्फेनाडिन हे औषध वापरात होतं. ग्रेपफ्रूट किंवा काही अँटिबायोटिक्स यांच्यामुळे ते शरीरात साठायचं आणि हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडू शकायचे. म्हणून १९९८ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून गेलं. फेक्सोफेनाडिन म्हणजे त्याच टर्फेनाडिनपासून शरीरात तयार होणारा, हृदयाला त्रास न देणारा पदार्थ. मूळ औषध ग्रेपफ्रूटने वाढायचं आणि त्याच्यापासून झालेलं हे ग्रेपफ्रूटने घटतं. एकच फळ दोन्ही टोकं गाठतं, म्हणून प्रत्येक औषधाचं नाव वेगळं तपासायचं.

*ॲटेनोलॉल.* संत्र्याच्या रसाने रक्तात पोहोचणारं औषध सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतं. सफरचंदाच्या रसाचा परिणाम प्रमाणावर ठरतो: ६०० मि.ली. रसाने निम्म्याहून जास्त घट होते, १.२ लिटरने ८० टक्क्यांच्या आसपास. एवढा रस रोज कोणी पीत नाही हे खरं. पण उपवासाच्या दिवशी, किंवा तापात अन्न जात नाही म्हणून दिवसभर रसावर असलेल्या माणसाच्या पोटात तो सहज जातो, आणि नेमकी तेव्हा नाडी वाढते. याच कुळातल्या सेलिप्रोलॉलवर संत्र्याच्या रसाचा परिणाम याहून जबर आहे, पण ते आपल्याकडे क्वचित दिसतं.

*ॲलिस्किरेन.* हेही रक्तदाबाचंच. संत्रं किंवा सफरचंदाच्या रसाने ६० टक्क्यांच्या वर घट होते. परदेशातून औषधं आणणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

*ॲलेंड्रोनेट.* हाडं ठिसूळ झालेल्या बायकांना आठवड्यातून एकदा दिली जाणारी ७० मि.ग्रॅ.ची गोळी. ही मुळातच १०० भागांतून एकाहूनही कमी भाग शोषली जाते. संत्र्याचा रस किंवा कॉफी बरोबर घेतली तर त्यातलेही सुमारे ६० टक्के जातात. म्हणून: सकाळी उठल्यावर, अनशापोटी, पूर्ण ग्लास साध्या पाण्याबरोबर, आणि पुढची किमान ३० मिनिटं ना चहा, ना खाणं, ना दुसरी गोळी. या अर्ध्या तासात बसा किंवा फिरा, आडवं व्हायचं नाही. अन्ननलिका भाजण्याचा धोका खराखुरा आहे. आई-आजींना ही गोळी चालू असेल तर पहिल्या वेळी शेजारी बसून ती घ्यायला लावा. तोंडी सांगितलेलं चहाच्या वासापुढे टिकत नाही.

*थायरॉईडची गोळी,* म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. इथे खरा शत्रू कॅल्शियम, लोह आणि कॉफी. कॅल्शियम मिसळलेला डबाबंद रस त्यातच मोडतो. गोळी अनशापोटी पाण्याबरोबर, त्यानंतर ३० ते ६० मिनिटं काही नाही, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनंतर.

कॅल्शियमने बांधली जाणारी अँटिबायोटिक्स

सिप्रोफ्लॉक्सासिन आणि त्याच्या कुळातली औषधं, तसंच टेट्रासायक्लिन आणि डॉक्सिसायक्लिन. सिप्रोफ्लॉक्सासिन कॅल्शियम मिसळलेल्या संत्र्याच्या रसाबरोबर दिलं तेव्हा रक्तातलं एकूण प्रमाण ३८ टक्क्यांनी घटलं. जंतुसंसर्गात ही घट साधी नाही. अर्धवट पोहोचलेलं अँटिबायोटिक जंतू मारत नाही आणि त्याच जंतूंना त्या औषधाला पुरून उरायला शिकवतं.

चिकू, आंबा, सीताफळ यांचे मिल्कशेक आणि मस्तानी हे सगळं यातच धरायचं, कारण त्यात दूध आहे. अशक्तपणा आला म्हणून फळ घातलेलं दूध द्यायचं आणि त्याच घोटाबरोबर गोळी द्यायची, ही घरोघरी होणारी चूक. सिप्रोफ्लॉक्सासिन आधी घ्या आणि मिल्कशेक किंवा कॅल्शियमयुक्त रस दोन तासांनी. असा रस आधी होऊन गेला असेल तर गोळीसाठी सहा तास थांबणं चांगलं. डोस दिवसातून दोनदा असतो, म्हणून सकाळ-रात्र गोळी आणि दुपारी मिल्कशेक असं बसवलं की जमतं.

ग्रेपफ्रूट आणि पपनस: घड्याळाने न सुटणारा प्रश्न

ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्षं नव्हेत. मोठ्या मोसंब्याएवढं, कडवट-आंबट, आतून पिवळं किंवा लालसर असं ते लिंबाच्या जातीचं फळ आहे. इंग्रजी पत्रक वाचून कोणी तुम्हाला 'द्राक्षं बंद' असं सांगितलं असेल तर पुन्हा विचारून घ्या.

महाराष्ट्रात ग्रेपफ्रूट फारसं खाल्लं जात नाही. पण त्याचं जवळचं नातलग असलेलं पपनस कोकणात आणि गोव्यात घरच्या आवारात पिकतं आणि चतुर्थीच्या दिवसांत गणपतीसमोर असतं. त्यातही फ्युरॅनोकुमारिन असतात आणि पपनसाच्या रसाने सायक्लोस्पोरिनचं (अवयव बदलल्यानंतर देतात ते औषध) रक्तातलं प्रमाण वाढल्याचं माणसांवरच्या चाचणीत दिसलं आहे. मूत्रपिंड किंवा यकृत बदललेल्या माणसाने माटोळीतून, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळांच्या आराशीतून, उतरवलेल्या पपनसाची एक फोडही प्रसाद म्हणून घेऊ नये. प्रसादाचं दुसरं फळ द्या, घरच्यांनीच हे आधी ठरवून ठेवावं म्हणजे त्या माणसाला नाही म्हणण्याचा संकोच उरत नाही. मुरंब्यासारख्या मार्मालेडसाठी वापरलं जाणारं कडू सेव्हिल संत्रं याच यादीत येतं. कागदी लिंबाच्या जातीतही ही रसायनं आहेत, पण भातावर पिळलेल्या फोडीची काळजी करू नका. लिंबाचा निव्वळ रस ग्लासभर पिण्याचा नाद तेवढा नको. नागपुरी संत्र्यात आणि नेहमीच्या गोड संत्र्यात हा दुसऱ्या प्रकारचा धोका नसतो.

कोणत्या औषधांवर हे फळ पूर्ण बंद:

- सिम्व्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची)
- फेलोडिपिन, निफेडिपिन (रक्तदाबाची)
- टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन (अवयव बदलल्यानंतरची)
- अमिओडॅरोन (हृदयाच्या ठोक्यांसाठी)
- कार्बामाझेपिन (फिट्ससाठी)
- टिकाग्रेलर (रक्त पातळ ठेवण्यासाठी)

ही यादी पुरी नाही. बेली आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ग्रेपफ्रूटशी अशी गाठ पडणारी ८५ हून अधिक औषधं मोजली होती, आणि त्यांतल्या ४३ औषधांचे परिणाम गंभीर ठरू शकतात असं सांगितलं होतं.

परिणामाचा आकार समजावा म्हणून सिम्व्हास्टॅटिनचं उदाहरण घ्या. रोज साधा २०० मि.ली. ग्रेपफ्रूटचा रस घेणाऱ्यांमध्ये ते साडेतीन पटीहून जास्त वाढलं. दुप्पट घट्ट रस दिवसातून तीनदा दिला तेव्हा सोळा पट. इतकं सिम्व्हास्टॅटिन स्नायू खाऊ लागतं आणि स्नायूंचा चोथा मूत्रपिंडांवर येतो. कार्बामाझेपिनवरचा अभ्यास तर चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत फिट्सच्या रुग्णांवरच झाला आहे, १९९८ मध्ये: औषध सुमारे ४० टक्क्यांनी वाढलं. या औषधात एवढी वाढ चक्कर, दोन-दोन दिसणं आणि तोल जाणं यासाठी पुरेशी आहे.

रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या क्लोपिडोग्रेलचं उलट आहे. ते शरीरात गेल्यावर विकरांनी बदललं तरच काम करतं. ग्रेपफ्रूट तो बदलच थांबवतं, त्यामुळे हृदयात स्टेंट असलेल्या माणसाला या गोळीचं संरक्षण मिळत नाही. तिथेही हे फळ बंद.

आपल्याकडे सर्वांत जास्त चालणाऱ्या काही गोळ्यांबाबत मात्र निश्चिंत राहा. रोसुव्हास्टॅटिनला ग्रेपफ्रूटचा त्रास नाही. अ‍ॅम्लोडिपिनवर परिणाम किरकोळ. ॲटोर्व्हास्टॅटिन मधल्या जागी आहे: कधीतरी खाल्लेली फोड चालते, रोज लिटरभर रस नको.

मुलांकडे अमेरिकेत सहा महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांसाठी हा सगळा भाग महत्त्वाचा. तिथे ग्रेपफ्रूट बारा महिने मिळतं, मिश्र रसात आणि सोड्यातही असतं, आणि संत्र्याच्या रसाच्या बऱ्याच खोक्यांवर कॅल्शियम मिसळल्याचं छापलेलं असतं. इथे वर्षानुवर्षं नीट चाललेली गोळी तिथे बिघडते ती हवामानामुळे असं नाही. मुलांनी खोक्यावरची घटकांची यादी वाचून फ्रिजमधला एक कप्पा आईवडिलांसाठी ठरवून द्यावा.

दिवसाचं वेळापत्रक

थायरॉईड, रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल, रक्त कमी म्हणून लोह, आणि रात्री ॲलर्जीसाठी फेक्सोफेनाडिन असा एक नमुना घेऊ.

- सकाळी ६: लेव्होथायरॉक्सिन, एक ग्लास पाणी. ७ पर्यंत चहा नाही.
- सकाळी ८: नाश्ता आणि ॲटेनोलॉल, पाण्याबरोबर.
- सकाळी ११: लोहाची गोळी, लिंबूपाण्याबरोबर. आगेमागे तासभर चहा नाही.
- दुपारी १ ते ३: रस प्यायचा असेल तर याच वेळेत.
- रात्री ९: फेक्सोफेनाडिन, पाण्याबरोबर.

सकाळी ११ च्या लिंबूपाण्यात अर्ध्या लिंबाचा रस असतो. ॲटेनोलॉलचे जे प्रयोग वर दिले ते कित्येक ग्लास रसाचे आहेत, त्यामुळे याची भीती नको. रस सकाळऐवजी दुपारी नेला एवढाच खरा बदल आहे.

उपवासाच्या दिवशी हे वेळापत्रक मोडतं, कारण चहा, दूध आणि रस यांच्यावरच दिवस जातो. एकादशी, चतुर्थी किंवा नवरात्रात आदल्या रात्रीच ठरवा: गोळ्यांच्या वेळा त्याच, त्यांच्या आधी चार आणि नंतर चार तासांत संत्रं-सफरचंदाचा रस नाही, त्या वेळात पाणी, ताक किंवा शहाळं. ताकातही दुधाचं कॅल्शियम असतं, म्हणून ते वर दिलेल्या अँटिबायोटिकजवळ किंवा थायरॉईडच्या गोळीजवळ नको. शहाळ्याबद्दल एक वेगळी खबरदारी: त्यात पोटॅशियम भरपूर असतं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल आणि मूत्रपिंड कमजोर असेल, तर रोज किती शहाळी चालतील हे डॉक्टरांना विचारा. मोसंबीच्या रसालाही हेच लागू.

जिथे आंबट रस मदत करतो

लोहाची गोळी हा ठळक अपवाद. लिंबू, आवळा, संत्रं यांतल्या क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. गरोदर बाईला लोह आणि कॅल्शियम दोन्ही दिलेलं असतं, त्या दोघांत किमान दोन तास ठेवा, आणि लिंबूपाणी लोहाच्या वाट्याला द्या.

दुसरा अपवाद थोडा नाजूक. ओमेप्राझोलच्या कॅप्सूलमध्ये बारीक दाणे असतात आणि त्यांच्यावरचं आवरण आम्लात टिकतं, आम्ल नसलेल्या पदार्थात विरघळतं. गिळता न येणाऱ्या माणसासाठी डॉक्टरांनी कॅप्सूल उघडून द्यायला सांगितली असेल तर ते दाणे दुधात घालू नका. चमचाभर सफरचंदाच्या गरात किंवा थोड्या सफरचंदाच्या रसात घालून लगेच, न चावता गिळायचे. दुधात आवरण आधीच सुटतं आणि औषध पोटातल्या आम्लात नष्ट होतं.

सायक्लोस्पोरिनचं पातळ औषध कित्येकदा संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसात मिसळून घ्यायला सांगतात. तिथे नियम सातत्याचा: जो रस ठरला तोच रोज, तेवढाच, साध्या तापमानाचा. ग्रेपफ्रूट कधीच नाही.

आणि एक वाईट जोडी. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड असलेल्या अँटासिडवर लिंबू सरबत किंवा संत्र्याचा रस प्यायला की त्यातल्या सायट्रेटमुळे ॲल्युमिनियम जास्त शोषलं जातं. मूत्रपिंड निकामी असलेल्या माणसाला ते बाहेर टाकता येत नाही आणि त्याचा परिणाम मेंदूवर आणि हाडांवर होतो. डायलिसिस चालू असलेल्या घरात या दोन गोष्टी एकत्र येऊ देऊ नका.

लहान मुलांचं कडू औषध

पूर्ण ग्लास रसात औषध कालवलं आणि मुलाने अर्धा ग्लास ठेवून दिला, तर किती औषध गेलं हे कोणालाच सांगता येत नाही. मोजमापाच्या पिचकारीने औषध गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा आणि मागून पाणी पाजा. चव फारच नकोशी असेल तर कशात मिसळून चालेल हे फार्मासिस्टला त्या औषधाचं नाव घेऊन विचारा, आणि मिसळायचंच तर एक-दोन चमच्यांत, देण्याच्या क्षणी. अँटिबायोटिकची कोरडी पूड बाटलीत भिजवताना उकळून थंड केलेलं पाणीच वापरा, खुणेपर्यंत. रस बाटलीत ओतला तर त्यातल्या आम्लाने काही औषधं तिथेच खराब होतात.

नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सएल असलेली गोळी कुटून रसात घालू नका, मुलांना नाही आणि म्हाताऱ्या माणसांनाही नाही. दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं.

वर्षानुवर्षं रसाबरोबरच घेत आला असाल तर

हा भाग बहुतेक ठिकाणी सांगितलाच जात नाही, म्हणून नीट वाचा. ॲटेनोलॉल रोज संत्र्याच्या रसाबरोबर घेणाऱ्या माणसाचा डोस रसासकट ठरलेला असतो. उद्यापासून तीच गोळी पाण्याबरोबर घेतली की जास्त औषध रक्तात जाईल. नाडी मंदावू शकते, उठताना चक्कर येऊ शकते. पद्धत बदला, पण डॉक्टरांना सांगून बदला, आणि पुढचे दोन आठवडे रोज एका ठरलेल्या वेळी रक्तदाब आणि नाडी लिहून ठेवा. नाडी मिनिटाला ५० च्या खाली गेली किंवा भोवळ आली तर वाट न पाहता फोन करा. थायरॉईडच्या गोळीची वेळ किंवा पद्धत बदलली तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) तपासून घ्या. त्याआधी तपासलं तर आकडा अजून स्थिरावलेला नसतो.

चुकून रसाबरोबर गोळी गेली तर

पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारातली, म्हणजे रसामुळे कमी पडणारी, गोळी असेल तर दुसरी गोळी वर घेऊ नका. किती औषध गेलं हे ठाऊक नसताना डोस दुप्पट करणं जास्त धोक्याचं. पुढचा डोस त्याच्या वेळेवर, पाण्याबरोबर घ्या. अँटिबायोटिकच्या बाबतीत असं दोन-तीनदा झालं असेल तर डॉक्टरांना कळवा. ते कोर्स लांबवायचा की नाही हे ठरवतील.

ग्रेपफ्रूट किंवा पपनस पोटात गेलं आणि औषध वरच्या यादीतलं असेल, तर पुढचे तीन दिवस लक्ष ठेवा. सिम्व्हास्टॅटिनवर मांड्या-दंड दुखणं आणि लघवी चहाच्या रंगाची होणं, ही त्याच दिवशी रुग्णालयात जाण्याची लक्षणं. फेलोडिपिन किंवा निफेडिपिनवर चेहरा लाल होणं, डोकेदुखी, धडधड, उभं राहताना अंधारी. अशा वेळी आडवं व्हा, पाय उंच ठेवा, आणि पुढची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनवर लक्षणांची वाट पाहू नका. आपल्या प्रत्यारोपण केंद्राला कळवा, ते सकाळच्या डोसआधी रक्त घेऊन पातळी तपासतील. कोणतं फळ, किती आणि कधी खाल्लं हे तेव्हाच कागदावर लिहून तो कागद रक्त द्यायला जाताना बरोबर न्या.